पास्कलीन ड्युपा यांचे संशोधन: गणवेश, शिष्यवृत्ती आणि समतेचे माप

आजचा विषय एका अर्थशास्त्रज्ञ बाईंच्या कामाचा आहे आणि बोलायला बसलो आहोत आम्ही, तत्त्वज्ञान शिकवणारे. यांचा इथं काय संबंध, असं तुमच्या मनात येणारच. संबंध असा, की गेली वीस-पंचवीस वर्षे विकासाच्या अर्थशास्त्रात एक मागणी फार जोराने मांडली जाते आहे. गरिबीबद्दल मते पुष्कळ झाली, आता पुरावा आणा, अशी ती मागणी. पुरावा म्हणजे काय, तो कशाचा असतो आणि कुठपर्यंत पुरतो, हे प्रश्न मात्र आमच्या घरचे आहेत. आपल्याकडे 'प्रमाण' या एका शब्दावर नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध शतकानुशतके भांडत आले. तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात शिरतोय, असं आम्हाला वाटत नाही.

पास्कलीन ड्युपा या फ्रेंच. पॅरिसमध्ये शिकल्या, २००६ साली डॉक्टरेट मिळवली, मग अमेरिकेत डार्टमथ, लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड असा प्रवास करत आता प्रिन्स्टनला आहेत. एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्या त्या अनेक वर्षांच्या सहलेखिका. या दोघांना अभिजित बॅनर्जींबरोबर २०१९ चे नोबेल मिळाले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ड्युपांचे नाव आपल्याकडे तितकेसे पोचलेले नाही. पण आफ्रिकेतल्या मुलींचे शिक्षण, त्यांचे आरोग्य, त्यांच्या हातातला पैसा या विषयांवर प्रयोगपद्धतीने काय काय करता येते आणि काय येत नाही, हे बघायचे असेल तर त्यांच्या कामाइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही. म्हणून आज त्यांचे काम घेतले आहे. कौतुक करायचे आहे आणि तपासणीही करायची आहे. दोन्ही एकाच वेळी करता येते.

आधी पद्धत समजून घेऊ. समजा, एखाद्या जिल्ह्यात तीनशे शाळा आहेत. त्यातल्या काही शाळांना एखादी योजना द्यायची आणि काहींना नाही द्यायची. कुणाला द्यायची हे मंत्र्याने ठरवायचे नाही, मास्तरांनी नाही, संशोधकानेही नाही. चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांतल्या शाळा सरासरीने सारख्या निघतात. मग काही वर्षांनी दोन्हीकडे जो फरक दिसेल तो योजनेमुळे पडला, असे म्हणायला आधार मिळतो. एवढीच कल्पना. औषधांच्या चाचण्यांमध्ये ती जुनी आहे. क्रेमर यांनी १९९० च्या दशकात पश्चिम केनियात, बुसिया भागातल्या शाळांमध्ये तिचा असा वापर सुरू केला आणि ड्युपा त्याच प्रदेशात, त्याच परंपरेत कामाला लागल्या.

त्या वेळचा केनिया डोळ्यांसमोर आणा. २००३ साली सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. मुले लोटली, वर्ग भरून गेले. त्याच काळात एचआयव्हीची साथ पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, घरोघर पोचलेली होती. शाळांमध्ये एड्सविषयीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम होता आणि त्याचा सगळा रोख एका वाक्यावर होता: लग्नापर्यंत संयम पाळा. सातवी-आठवीच्या मुलींना हे शिकवले जायचे. त्या मुलींपैकी बऱ्याच जणींचे संबंध आपल्या वयाच्या पोरांशी नव्हते. वयाने दहा-पंधरा वर्षे मोठ्या, हातात चार पैसे असलेल्या पुरुषांशी होते. तो भेटी देतो, खर्चाला देतो. त्याला तिथे इंग्रजीतले 'शुगर डॅडी' हेच नाव आहे.

ड्युपांनी प्रश्न विचारला तो साधा होता. या मुलींना सगळे सांगितले जाते, पण एक गोष्ट सांगितली जात नाही: लागण कुणाला किती आहे. किशोरवयीन मुलांमध्ये ते प्रमाण कमी होते, पंचविशी-तिशीच्या पुरुषांमध्ये कितीतरी जास्त. आकडे सरकारकडे होते, पण वर्गात येत नव्हते. मग ३२८ शाळांपैकी ७१ शाळा चिठ्ठीने निवडल्या आणि तिथे एका तासिकेत एक छोटी चित्रफीत दाखवून वयानुसार लागणीचे आकडे फळ्यावर मांडले. 'हे करू नका' असे कुणी म्हटले नाही. पुढे वर्षभरात त्या शाळांतल्या मुलींमधल्या गरोदरपणाचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. कमी झाली ती मुख्यतः मोठ्या वयाच्या पुरुषांपासून राहिलेली गरोदरपणे. आणि ज्या शाळांत शिक्षकांना संयमाचा अभ्यासक्रम शिकवण्याचे प्रशिक्षण दिले होते, तिथे असा परिणाम दिसला नाही. हा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला.

इथं जरा थांबू. या प्रयोगाने काय सिद्ध केलं? वरवर पाहता 'माहिती दिली की वागणं बदलतं' हे सिद्ध झालं. पण माहिती तर दुसऱ्या गटालाही दिली होती! संयम पाळा, नाहीतर मराल, ही पण माहितीच आहे. फरक माहितीच्या जातीत आहे. एका माहितीत मुलीला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. दुसरीत तिला तुलना करता येते. पहिली तिला आज्ञा पाळणारी समजते, दुसरी तिला निवड करणारी समजते. आमच्या मते ड्युपांच्या सगळ्या कामातली उत्तम गोष्ट हीच आहे, की गरीब मुलगी विचार करू शकते हे गृहीत धरून त्या प्रयोग रचतात. हे गृहीतक ऐकायला सोपे आहे. धोरणांत ते फार क्वचित सापडते.

आता दुसरा प्रयोग, गणवेशाचा. फी माफ झाली तरी गणवेश माफ झाला नव्हता. एका गणवेशाची किंमत सहा डॉलरच्या आसपास. ज्या घरात तीन-चार लेकरे आहेत तिथे हा खर्च जड जातो. गणवेश नसलेल्या मुलाला घरी पाठवू नये असा नियम होता, पण चारचौघांत बिनगणवेशाचे बसायला कोणते पोर तयार होते? डुफ्लो, ड्युपा आणि क्रेमर यांनी त्याच ३२८ शाळांचे चार गट केले. एका गटाला फुकट गणवेश. दुसऱ्याला शिक्षकांसाठी एड्स-अभ्यासक्रमाचे प्रशिक्षण. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला काहीच नाही. २००३ साली सहावीत असलेली सुमारे १९,००० मुले-मुली त्यांनी सात वर्षे शोधत, भेटत राहून तपासली. सात वर्षे! नुसत्या उत्साहावर एवढे काम होत नाही, त्याला चिकाटी लागते.

निष्कर्ष बघा. नुसत्या गणवेशाने पहिल्या तीन वर्षांत मुलींची गळती सुमारे १९ टक्क्यांवरून १६ वर आली, आणि गरोदरपणाचे प्रमाण १६ वरून १३ वर. नुसत्या अभ्यासक्रमाने गरोदरपणही कमी झाले नाही आणि लैंगिक आजारांची लागणही कमी झाली नाही. आता दोन्ही एकत्र दिले तर फायदा दुप्पट व्हावा, अशी आपली अटकळ. तसे झाले नाही. एकत्र दिल्यावर लागण घटली, पण गळती आणि गरोदरपण यांवरचा गणवेशाचा परिणाम मात्र पातळ झाला.

हा निकाल फार विचार करायला लावणारा आहे. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला, की मुलीसमोर दोन प्रकारची नाती असतात: लग्नाकडे जाणारे कायमचे, आणि तात्पुरते. शाळेत राहण्याची किंमत कमी झाली, तर कायमच्या नात्याची, म्हणजे लग्न आणि मुलाची, घाई कमी होते. पण लागण फक्त त्यावर ठरत नाही. संयमाचा उपदेश तात्पुरत्या नात्यांवर बोट ठेवतो आणि लग्नाला अभय देतो. म्हणजे एक धोरण मुलीला शाळेकडे ओढते, दुसरे नकळत लग्नाकडे. दोन्ही चांगल्या हेतूची, आणि एकमेकांच्या वाटेत आडवी येणारी. हे टेबलाशी बसून कुणाला सुचले असते का? आम्हाला तरी वाटत नाही. त्यासाठी शाळांमध्येच जावे लागते.

तिसरे काम घानातले. २००८ साली तिथे २,०६४ मुले-मुली अशी निवडली, की ज्यांना माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला होता पण पैशाअभावी जाता येत नव्हते. त्यातल्या ६८२ जणांना चिठ्ठीने पूर्ण शिष्यवृत्ती दिली. मग दहा-बारा वर्षे सर्वांच्या संपर्कात राहिले. शिष्यवृत्ती मिळालेल्यांमध्ये माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २७ टक्के-बिंदूंनी वाढले. वाचन आणि गणित सुधारले. मुलींची मुले उशिरा झाली, कमी झाली. आणि अलीकडे २०२४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांच्यासह केलेल्या कामात, पुढच्या पिढीचीही मोजणी झाली. शिष्यवृत्ती मिळालेल्या बायकांची मुले अधिक प्रमाणात जगली आणि त्यांची बौद्धिक वाढही चांगली दिसली. शिष्यवृत्ती मिळालेल्या पुरुषांच्या मुलांत असा फरक फारसा दिसला नाही. मधल्या काळात, २०१७ साली, घाना सरकारने उच्च माध्यमिक शिक्षण सगळ्यांनाच मोफत केले.

आणखी एक काम थोडक्यात सांगतो, कारण त्याचा धागा पुढे लागणार आहे. जेसिका कोहेन यांच्याबरोबर ड्युपांनी केनियातल्या गरोदर बायकांना मच्छरदाण्या वाटल्या. कुठे फुकट, कुठे थोडी किंमत घेऊन. त्या काळी भल्याभल्यांचे मत असे होते, की फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही; बायका ती वापरणार नाहीत, मासे पकडायला नेतील. प्रयोगात दिसले असे, की किंमत शून्यावरून ६० सेंटवर नेली की घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी कोसळते. आणि फुकट मिळालेली मच्छरदाणी विकत घेतलेलीइतकीच वापरली जाते. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' असं थट्टेत म्हणतात. इथे ते मलेरियाच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले.

इथवर झाले वर्णन. आता तपासणी.

पहिला आक्षेप अनुमानाचा. आपल्या नैयायिकांचे एक उदाहरण सगळ्यांना पाठ असते: जिथे धूर तिथे अग्नी. हे बरोबर आहे. पण उलटे करा: जिथे अग्नी तिथे धूर. हे चूक आहे. का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले सरपण लागते. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये गुपचूप बसलेल्या या ओल्या सरपणाला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. उपाधी लक्षात आली नाही तर अनुमान फसते. आता प्रयोग आपल्याला काय सांगतो? तो सांगतो, की पश्चिम केनियात, त्या वर्षी, त्या शाळांमध्ये आग लावली आणि धूर आला. हे तो फार खात्रीने सांगतो. पण तिथले सरपण ओले होते की नाही, हे तो आपणहून सांगत नाही.

हे नुसते तर्काचे खेळ नाहीत, दोन उदाहरणे देतो. ड्युपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातच दुसरा एक प्रयोग केला होता. शाळांना एक जादा शिक्षक कंत्राटावर द्यायचा, सरकारी शिक्षकाच्या साधारण चौथाई पगारावर. निकाल चांगला आला. कंत्राटी शिक्षकाकडे शिकलेल्या मुलांचे गुण वाढले. पुढे केनिया सरकारने कंत्राटी शिक्षक मोठ्या संख्येने नेमायचे ठरवले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने त्याचीच चाचणी घेतली. या गटात म्वांगी किमेन्यी आणि जर्मानो म्वाबू हे केनियाचेच अभ्यासक होते. काही शाळांत योजना स्वयंसेवी संस्थेने राबवली, काहींत सरकारी यंत्रणेने. शिक्षक तोच प्रकार, पगार तोच प्रकार. संस्थेच्या शाळांत गुण वाढले. सरकारी शाळांत परिणाम शून्य. पगार वेळेवर होणे, देखरेख, संघटनांचा दबाव, सगळे बदलले होते. म्हणजे ओले सरपण होते ती संस्था! पहिल्या प्रयोगात ती दिसली नाही, कारण ती सगळीकडेच होती.

दुसरे उदाहरण त्या चित्रफितीचे. ती तासिका रवांडात न्यायची का, असा विचार झाला तेव्हा ड्युपांच्याच वर्तुळातल्या मेरी अॅन बेट्स आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की रवांडात पुरुषांमधली लागण मुळात कमी आहे आणि मुलींना ती आहे त्यापेक्षा फार जास्त वाटते. तिथे खरे आकडे फळ्यावर मांडले तर काय होईल? मुलींची भीती कमीच होईल. तीच तासिका, तोच खडू, पण परिणाम उलटा होण्याची शक्यता. केनियात काम केले ते खरी माहिती आणि मुलींचा समज यांच्यातल्या दरीने. चित्रफीत केवळ निमित्त होती.

शितावरून भाताची परीक्षा होते, असं आपण म्हणतो. होते, पण भात एकाच पातेल्यात असेल तर. केनियाच्या पातेल्यातले शीत दाबून रवांडाचा भात शिजला की नाही हे कसे कळणार? अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि तत्त्वज्ञ नॅन्सी कार्टराइट यांनी २०१८ च्या एका निबंधात याच अंगाने इशारा दिला होता: एखादी गोष्ट 'तिथे चालली' यावरून ती 'इथे चालेल' हे निघत नाही, मधली कारणांची साखळी स्वतंत्रपणे दाखवावी लागते. ड्युपांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या चांगल्या निबंधांत ही साखळी असते. गणवेशाच्या निबंधातली दोन प्रकारच्या नात्यांची मांडणी म्हणजे दुसरे काय आहे? कंत्राटी शिक्षकांच्या निबंधातही जादा शिक्षक आल्यावर जुने शिक्षक कमी शिकवू लागले, नातेवाइकांच्या नेमणुका झाल्या, हे त्यांनी लपवलेले नाही. निबंध शेवटपर्यंत वाचणाऱ्याला साखळी सापडते. मंत्रालयात मात्र निबंध पोचत नाही, एक आकडा पोचतो. २८ टक्के. त्या आकड्याला ओले सरपण चिकटलेले नसते.

या पद्धतीचा एक आपला धागाही आहे, म्हणून सांगतो. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या. मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची चाचणी झाली. पुढे इयत्तेनुसार न शिकवता मुलाच्या पातळीनुसार शिकवण्याची ती कल्पना घाना आणि झांबियापर्यंत गेली. ती गेली, पण तशीच्या तशी उचलून नव्हे. कुणी शिकवायचे, शाळेच्या वेळेत की नंतर, सरकारी शिक्षक की मदतनीस, हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा करून, चुकून, बघावे लागले. प्रवास करते ती कल्पना, आणि तीही मुक्काम करत करत, एवढाच त्याचा धडा.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो मोजमापाचा आहे. या सगळ्या प्रयोगांत मुलीचे भले कशात मोजले? शाळेत किती वर्षे राहिली, गरोदर राहिली का, लग्न कधी झाले, मुले किती, ती जगली का, किती हुशार निघाली. या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, कोण नाही म्हणेल? पण यादी पुन्हा वाचा. यात मुलगी बहुतेक वेळा कुणाची तरी आई आहे, किंवा आई होण्याचे टळलेली आहे. तिचे शिक्षण चांगले का, तर तिची मुले जगतात म्हणून. अमर्त्य सेन यांनी १९९९ च्या 'डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम' या पुस्तकात स्त्रीचे कल्याण आणि स्त्रीचे कर्तेपण यांत फरक केला आहे. ड्युपांची रचना कर्तेपण गृहीत धरते, हे आम्ही वर म्हटलेच. पण मोजायची वेळ आली की कर्तेपण तक्त्यातून निसटते आणि कल्याण तेवढे उरते. याला अपवाद आहे, तोही नोंदवतो. जोनाथन रॉबिन्सन यांच्याबरोबर त्यांनी केनियातल्या बाजारात बसणाऱ्या बायकांना बचत खाती उघडून दिली, तेव्हा बायकांनी धंद्यात घातलेली रक्कम वाढली. सायकल-टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांत तसे दिसले नाही. तिथे बाईने काय ठरवले, हे थेट मोजले गेले.

आणि त्या मोठ्या वयाच्या पुरुषाचे काय? 'शुगर डॅडी'च्या प्रयोगात तो फळ्यावर एक टक्केवारी म्हणून येतो. सावध व्हायचे ते मुलीने. शहाणपण शिकायचे ते तेरा-चौदा वर्षांच्या पोरीने. तो पुरुष प्रयोगाच्या कोणत्याच गटात नाही. तुम्ही म्हणाल, शाळेत मुलीच भेटतात, पुरुष कुठे भेटणार? बरोबर आहे. पण जिथे मोजता येते तिथेच बदल शोधायचा, अशी सवय पद्धतीने लावली तर समतेचा अर्थ हळूहळू 'मुलींनी नीट वागावे' एवढाच उरतो. हा दोष एका संशोधिकेचा नाही, पद्धतीच्या कलाचा आहे. त्याचे नाव मात्र घेतले पाहिजे.

तिसरी गोष्ट हक्काची. केनियाच्या शेजारी टांझानिया आहे. तिथे गरोदर राहिलेल्या मुलीला शाळेतून काढून टाकत. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी अशा मुलींना परत घेणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. २०२१ च्या नोव्हेंबरात, सामिया सुलुहू हसन यांच्या काळात, ही बंदी उठली. आता विचारा: ही बंदी उठवावी की नाही हे ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या होत्या का? अर्ध्या जिल्ह्यांत उठवून बघू, गुण वाढले तर बाकीच्यांत उठवू, असे कुणी म्हटले असते तर आपल्याला कसे वाटले असते? वाईट वाटले असते, कारण त्या मुलीचा शाळेवरचा हक्क गुणांच्या वाढीवर अवलंबून नाही. समजा उद्या कुणी दाखवून दिले, की मुलींना माध्यमिक शिक्षण देऊन उत्पन्न वाढत नाही, मुलांच्या बुद्धीतही फरक पडत नाही. मग शाळा बंद करायच्या? समता हा चाचणीचा निष्कर्ष नाही. ती चाचणीच्या आधी मान्य करायची गोष्ट आहे. चाचणी फक्त तिच्याकडे जाणारा रस्ता शोधते.

मग चिठ्ठी टाकणे अन्याय आहे का? घानातल्या त्या १,३८२ जणांचे काय, ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही? हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण आम्हाला तो इतका सरळ वाटत नाही. पैसे ६८२ जणांपुरतेच असतील, तर चिठ्ठी ही ओळखीपाळखीपेक्षा न्याय्यच वाटणी आहे. खरा प्रश्न नंतरचा आहे. ज्यांना काही मिळाले नाही, ते बारा वर्षे फोन उचलत राहिले, आपल्या आयुष्याची माहिती देत राहिले. त्यांच्या 'न मिळण्या'मुळेच जगाला ज्ञान मिळाले. त्या ज्ञानाचे देणे त्यांना कोण लागते? सरकारने पुढे शिक्षण मोफत केले, पण तोवर यांचे शाळेचे वय निघून गेले होते. आमच्या मते प्रयोगाच्या नीतीची चर्चा चिठ्ठी टाकण्याच्या क्षणावर फार अडकते आणि या नंतरच्या ऋणाबद्दल फार कमी बोलते.

तर मग एकूण मत काय? आमचे मत असे आहे. या संशोधनाचा मोठा उपयोग 'काय चालते' ते सांगण्यात नाही. तो सबबी मोडून काढण्यात आहे. फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही, ही सबब मच्छरदाणीने मोडली. उपदेश केला की कर्तव्य संपले, ही सबब संयमाच्या अभ्यासक्रमाने मोडली. शिकायची इच्छाच नाही म्हणून पोरी शाळा सोडतात, ही सबब एका गणवेशाने मोडली. सबब ही सर्वसाधारण विधान करत असते: 'गरीब लोक असेच असतात'. सर्वसाधारण विधान खोडायला एकच खरे उदाहरण पुरते, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणून खंडनासाठी पश्चिम केनिया पुरेसा आहे. मंडनासाठी तो पुरत नाही. 'सगळीकडे हेच करा' म्हणायचे तर प्रत्येक ठिकाणचे सरपण हात लावून बघावे लागते. आणि ते बघायला तिथली माणसे लागतात, जसे कंत्राटी शिक्षकांच्या बाबतीत केनियाचेच अभ्यासक पुढे आले.

ज्यांच्या हातात धोरण आहे त्यांनी ड्युपांचे निबंध खंडन म्हणून वाचावेत, कृतीची पाककृती म्हणून नव्हे. आणि आपण श्रोत्यांनी, पुढच्या वेळी कुणी 'पुराव्याने सिद्ध झाले आहे' असे म्हणाले, की दोन प्रश्न विचारावेत. सरपण ओले होते का? आणि पुरावा नसता मिळाला, तर त्या मुलीला शाळेत बसू दिले असते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ देतील. दुसऱ्याचे तुम्ही-आम्ही द्यायचे आहे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न जरूर विचारा.